मुलीला महाराष्ट्र शिकवायचा आहे: आधी इतिहास की आधी भूगोल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पाचवीत, शाळा केंद्रीय बोर्डाची, राहायला पिंपरीत, मूळ गाव तुमसर तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तिच्याकडून ३६ जिल्हे, मोठ्या नद्या आणि कुठल्या जिल्ह्यात कुठलं खनिज सापडतं याचा तक्ता पाठ करून घेतला. शाळा सुरू होईपर्यंत ती त्यातलं निम्मं विसरली. इतिहास म्हणजे तिच्या लेखी शिवाजी महाराज आणि त्यानंतर एकदम १९४७. तर आता आधी इतिहास घ्यावा की भूगोल, आणि किती खोलात जावं?

मी प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीची सुरुवात साकोली तालुक्यात झाली, पुढे आंतरजिल्हा बदलीने मावळात आले. तुमच्या मुलीची दोन्ही घरं त्यामुळे माझ्या ओळखीच्या मुलखातली आहेत, म्हणून जरा लांबीचं उत्तर लिहिते.

मुलगी विसरली याचा दोष तिच्या स्मरणशक्तीला देऊ नका. भंडारा आणि मँगनीज ही जोडी तिच्या डोक्यात कशालाच अडकलेली नव्हती, ती गळून पडणारच. मँगनीज भंडाऱ्यात आहे मग पुण्यात का नाही, हे तिने तुम्हाला एकदाही विचारलं नसेल, कारण तक्त्यात 'का' साठी रकानाच नसतो. इतिहासाचंही तसंच. लढाया आणि राज्याभिषेक तिला माहीत आहेत, पण त्या काळात लोक पाणी कुठून आणत, माल कुठल्या वाटेने जाई, जंगलावर हक्क कोणाचा होता, हे कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे तिला वाटतं की इतिहास राजांचा असतो आणि भूगोल नकाशाचा.

म्हणून माझं उत्तर आहे: दोन्ही एकत्र. एक जागा निवडायची. तिथली एकच वस्तू घ्यायची, पाणी म्हणा, दगड म्हणा, लाकूड किंवा मीठ म्हणा. आणि तीन प्रश्न विचारत मागे जायचं. हे इथेच का आहे? आपल्याआधी ते कोणी आणि कशासाठी वापरलं? त्यावरून कोणाचं कोणाशी भांडण झालं? तिसरा प्रश्न बहुतेक पालक आणि पुष्कळ शिक्षक टाळतात. माझ्या अनुभवात मुलं सावरून बसतात ती तिसऱ्या प्रश्नालाच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमची मुलगी दहा-अकरा वर्षांची आहे असं धरून मी लिहिते आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलाला 'दोन हजार वर्षांपूर्वी' आणि 'आजोबांच्या लहानपणी' यांतला फरक नीट कळत नाही, त्याच्यासाठी घर, गाव, ओढा एवढंच पुरे. आठवी-नववीत आकडेवारी आणि कायदेही घेता येतात. घरात आजी-आजोबा आहेत का, महिन्यातून एखादा रविवार बाहेर पडता येतं का, मराठी वाचन किती आहे, यावरही बराच फरक पडतो. मराठी वाचायला अडखळत असेल तर आधी तुम्ही वाचून दाखवा. नावं मात्र मराठीतच ठेवा, कारण ती तिला पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी भेटणार आहेत. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं होतं. पुणे आणि भंडारा ही दोन्ही मिळवा. पाचवीतल्या मुलीला ती सोपी वाटतील, आणि सोपी वाटली तर बरंच आहे.

सुरुवात घरातल्या नळापासून करा. पिंपरी-चिंचवडला पाणी येतं ते मुख्यतः पवना धरणातून. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, शुद्ध करतात आणि मग ते तुमच्या टाकीत चढतं. एका रविवारी रावेतला जा, दुसऱ्या रविवारी धरणाकडे. मग नकाशावर बोट ठेवून उलट्या दिशेने जायला सांगा. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मावळात पडलेला पाऊस, जिथून अरबी समुद्र इतका जवळ आहे, तो अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जातो. हे बोटाने गिरवल्यावर 'पूर्ववाहिनी नद्या' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. सह्याद्रीचा माथा कुठे आहे आणि जमीन कुठे उतरते, हेही त्यातच येतं.

पाऊस मोजायचा असेल तर सरळ उभ्या बाजूंचा डबा गच्चीत ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहून ठेवा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तिथून पूर्वेला बारामतीपर्यंत गेलं तर तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. सोसायटीत बारामती, माण किंवा आटपाडीकडचं कोणी असेल तर त्यांच्या गावाला यंदा पाऊस कधी आला हे तिला विचारायला पाठवा. पर्जन्यछाया म्हणजे काय, डोंगरापलीकडे पाऊस कमी का पडतो, हे ती स्वतः येऊन तुम्हाला सांगेल.

पुढचा टप्पा बोरघाट. तुमच्या घरापासून इतक्या जवळ इतका इतिहास आणि इतका भूगोल एका जागी दुसरीकडे सापडणार नाही, आणि मुंबईला जाता-येता आपण तो झोपेत ओलांडतो. हे मला मनापासून खटकतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

भाजे आणि कार्ले इथून सुरू करा. भाज्याची लेणी इसवी सनाच्या आधीची, दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, त्यानंतरचं. मुलांना मी आत नेते आणि आधी काहीच सांगत नाही. छताकडे बघा, एवढंच म्हणते. कार्ल्याच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या मूळच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नसताना त्या का बसवल्या असतील, यावर मुलं खूप वेळ बोलतात. आधी लाकडी इमारती होत्या, कारागिरांचा हात त्याच घडणीवर बसलेला होता, आणि ते लाकूड याच डोंगरांवरच्या जंगलात मिळत होतं, इथपर्यंत ती बहुतेक वेळा आपणच येतात. मग खांबांवरचे लेख दाखवा. वाचता येणार नाहीत, तरी काय लिहिलंय ते सांगा: ही लेणी कोणा एका राजाने कोरून घेतलेली नाहीत. व्यापाऱ्यांनी दान दिलं, एका सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने दान दिलं, 'यवन' म्हणवणाऱ्या परदेशी लोकांनी दिलं, आणि दार घडवणाऱ्या सुताराचं नावही तिथे कोरलेलं आहे. हे व्यापारी इथे का येत होते? कारण खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरं होती, वर दख्खनमध्ये गावं आणि बाजार होते, आणि मधली चढण या घाटातून होती. मालाचे तांडे जिथे थांबत तिथे पाणी हवं, निवारा हवा. लेण्यांबाहेरची पाण्याची टाकी, ज्यांना पोढी म्हणतात, ती मुद्दाम मोजायला लावा. जुन्नरजवळच्या नाणेघाटाचंही हेच. तिथे सातवाहनांच्या काळातला मोठा लेख आहे आणि वाटेवर दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून लोक तो दाखवतात.

आता त्याच घाटात १८६३ साली रेल्वे आली. कठीण खडकातून बोगदे काढताना हजारो मजुरांनी जीव गमावला, हेही सांगा. बोगद्यांची संख्या प्रत्येक जण सांगतो, माणसांबद्दल कोणी बोलत नाही. रेल्वेमुळे दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि गिरण्यांत झपाट्याने पोहोचायला लागला. काळी माती, कापूस, घाट, गिरणी आणि गिरणगावात राहायला गेलेली घाटावरची आणि कोकणातली माणसं, ही साखळी एका कागदावर काढता येते.

त्या गिरण्यांना पुढे वीज हवी झाली. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणं बांधली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. इथे मुलीला थांबवून विचारा: हे पाणी धरण नसतं तर कुठे गेलं असतं? पवनेचा नकाशा गिरवलेला असेल तर ती म्हणेल, पूर्वेकडे, भीमेकडे. बरोबर. माथ्यावर अडवलेलं पाणी बोगदे आणि नळांतून उलटं पश्चिमेकडे वळवलं आणि सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली कोकणात सोडलं. त्या उताराची वीज झाली. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांच्या वाट्याचं पाणी पश्चिमेला द्यावं का, हा वाद आजही चालू आहे. दहा वर्षांच्या मुलीला त्याचा निकाल द्यायला सांगू नका. वाद आहे आणि दोन्ही बाजूंना माणसं आहेत, एवढं तिला कळू द्या.

मग मुळशी. मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं जाणार होती म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. धरण झालं, सत्याग्रह हरला. मुलांना हरलेल्या लढ्यांबद्दलही सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. नाहीतर त्यांना वाटतं की इतिहासात बरोबर बाजू नेहमी जिंकते, आणि जी हरली तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता दगडाकडे येते, कारण तुमच्या खनिजांच्या तक्त्याची किल्ली तिथे आहे. बोरघाटात रस्त्यासाठी तासलेल्या कड्यांकडे बघा. काळ्या खडकाचे आडवे थर दिसतात, मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा लाव्हा एकामागून एक पसरत गेला. लालसर पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात हवा-पाण्याने झिजून झालेली माती. हा खडक म्हणजे बेसाल्ट, आणि महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग त्याने झाकलेला आहे. लेणी, गडांचे कडे, वाड्यांची जोती, रस्त्याची खडी आणि तो झिजून झालेली कापसाची काळी माती, सगळं यातूनच आलं. पाण्याचा तुटवडाही काही अंशी यातूनच, कारण हा खडक घट्ट आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच पाणी विहिरीला लागतं.

आता राज्याचा कोरा नकाशा घ्या. बेसाल्टचा भाग पेन्सिलने हलका काळा करा. ढोबळमानाने पूर्व विदर्भ आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गाचा भाग पांढरा राहील. मग तुमचा तक्ता काढा आणि मुलीला एकेक खनिज नकाशावर टाकायला सांगा. कोळसा: चंद्रपूर, यवतमाळमधला वणीचा भाग, नागपूरजवळ उमरेड आणि कामठी. लोहखनिज: गडचिरोलीत सुरजागड, सिंधुदुर्गात रेडी. मँगनीज: नागपूर आणि भंडारा. सिमेंटचा चुनखडक: चंद्रपूर. जवळपास सगळे ठिपके पांढऱ्या भागात किंवा त्याच्या कडेला पडतात. लाव्हाच्या चादरीखाली न गेलेला जुना खडक तिथे उघडा आहे, म्हणून. मुलं हे बघून अक्षरशः ओरडतात. बॉक्साइट तेवढं वेगळं वागतं. ते कोल्हापूर-रत्नागिरीकडे सापडतं, कारण ते बेसाल्ट झिजून झालेल्या जांभ्याबरोबर येतं. हा अपवाद मुद्दाम तिच्या हाती द्या आणि दोन दिवस विचार करू द्या. खनिज तेल मात्र नकाशाच्या बाहेर टाकावं लागेल. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'बॉम्बे हाय' आहे. १९७४ मध्ये तिथे तेल लागलं आणि १९७६ पासून ते काढायला सुरुवात झाली.

एवढं झालं की दिवाळीत तुमसरला जाल तेव्हा तुमच्या घरचाच तालुका मुलीसाठी उघडेल. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी तुमसर तालुक्यातच आहेत. खाणीत आत जायला मिळेलच असं नाही, पण ट्रक, काळी धूळ आणि कामावरून परतणारी माणसं रस्त्यावरूनही दिसतात. मँगनीज पोलाद कणखर करायला लागतं. डोंगरी बुजुर्गचं काही खनिज बॅटरीच्या सेलमध्येही वापरलं जातं. म्हणजे घड्याळातल्या सेलचा तुमच्या गावाशी संबंध असू शकतो. सेल फोडून बघायचा नाही, हे मात्र आधीच बजावा.

पण तुमसर-साकोलीकडे नुसतं मँगनीज बघून परत आलात तर वाईट वाटेल. त्या भागातला सगळ्यात मोठा ठेवा मामा तलाव आहेत. सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. जमिनीचा उतार ओळखायचा, मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि खालच्या धानाला द्यायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. भंडारा आणि गोंदियात लहान बोड्यांपासून नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण जलाशयापर्यंत असे हजारो तलाव आहेत. धानाचं पाणी त्यांचं, ढिवर समाजाची मासेमारी त्यांच्यावर, गोंदियातले सारस पक्षी त्यांच्याच काठच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार, हे गावाने ठरवायचं पूर्वीचं तंत्र बऱ्याच ठिकाणी विस्कटलं. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मुलीने एकच प्रश्न विचारावा: पूर्वी तलावाचं पाणी वाटून कोण द्यायचं? उत्तर लिहून घ्यायला वही मोठी लागेल.

गोंड राजे पाठ्यपुस्तकात एक-दोन ओळींत उरकतात. चंद्रपूरचा कोट आणि वेशी आजही उभ्या आहेत. नागपूर शहराची मुहूर्तमेढ गोंड राजा बख्त बुलंद शाहची, भोसले तिथे नंतर आले. विदर्भाच्या मुलीला हे ठाऊक नसावं, हे मला पटत नाही. म्हणून शिवाजी महाराज आणि १९४७ यांच्यामधली तिची पोकळी भरायला सुरुवात इथूनच करा.

राज्य कसं झालं हेही घरातून सांगता येतं, आणि पिंपरीसारख्या गावात तर सोसायटीतूनच. मुलीला पाच घरांत पाठवा. प्रश्न एकच: १९४७ साली तुमचे पणजोबा कुठे राहत होते आणि तिथे राज्य कोणाचं होतं? तुमच्या घरचं उत्तर येईल, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. बीड किंवा नांदेडचं घर म्हणेल, निजामाचं हैदराबाद संस्थान, तिथे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला आलं. कोल्हापूरचं घर संस्थान सांगेल, साताऱ्याचं किंवा नाशिकचं मुंबई प्रांत. एखादं घर बेळगावचं निघालं तर त्यांचं गाव आजही महाराष्ट्राबाहेर आहे, हेही तिला कळेल. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० ला २६ जिल्ह्यांचं राज्य झालं. तुमच्या पाठ केलेल्या ३६ पैकी दहा नंतरचे आहेत. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, गोंदिया १९९९ मध्ये तुमच्याच भंडाऱ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला का भरतं याचं मूळ विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात आहे, आणि विदर्भातल्या घरात तो विषय चहाबरोबर निघतोच. त्याच पाच घरांत १९७२ च्या दुष्काळाबद्दलही विचारून घ्या. सोलापूर-बीडकडच्या आजी खडी फोडायला जाण्याबद्दल, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीबद्दल आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगतील. रोजगार हमी योजना त्या दुष्काळातून उभी राहिली, आणि हे ऐकल्यावर ते नाव पाठ करावं लागत नाही.

गडांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही लोहगडावर जाणारच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत तो आहे. वर गेल्यावर तोफा आणि बुरुजांच्या आधी पाणी शोधायला सांगा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, स्पष्ट बजावलं आहे की गड बांधण्याआधी पाणी बघावं, आणि पाणी नसलेली जागा घ्यावीच लागली तर आधी खडक फोडून वर्षभर पुरतील अशी टाकी करावीत. त्याच आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दलही आहे. आंबा-फणसासारखी झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत, एखादं फार जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं. ही वाक्यं मुलीला मूळ जुन्या भाषेत वाचून दाखवा, निम्मी कळली तरी चालतील. स्वराज्यात झाडाचा आणि पाण्याचा किती विचार होता हे तिला तिथेच, टाक्याच्या काठावर कळेल.

आता भांडणांबद्दल, म्हणजे त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मुलं हा प्रसंग तारखेसाठी पाठ करतात. पण तळं गावाचं, पाणी पावसाचं, जनावरांना ते पिता येत होतं आणि काही माणसांना मनाई होती, असं सांगितलं की वर्गात शांतता पसरते. शिरोड्याला १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला. पुसद, बिळाशी आणि उरणजवळचं चिरनेर इथे त्याच वर्षी लोकांनी जंगलाचे कायदे मोडले, चिरनेरला गोळीबार झाला. या सगळ्यांत एक धागा आहे: निसर्गातली वस्तू सगळ्यांसमोर असते, पण ती वापरायची परवानगी सगळ्यांना नसते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. ही गोष्ट याच ओळीत सांगावी, म्हणजे मुलीला कळेल की हे लढे काळ्या-पांढऱ्या फोटोंतच राहिलेले नाहीत.

तुमच्या नळाच्या पाण्यालाही अशी बाजू आहे. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने शहराला नेण्याला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. पाचवीत मी एवढंच सांगते की धरणाजवळच्या गावांना आणि शहराला, दोघांनाही हे पाणी हवं आहे आणि त्यावरून मोठं दुःख घडलं आहे. सविस्तर बोलणं सातवी-आठवीत. पण मुलीने आपणहून विचारलं तर खोटं सांगू नका आणि विषय बदलू नका. शहरातल्या मुलाला आपण उघडतो त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण राहतं हे माहीत असलं पाहिजे, असं मला तळमळीने वाटतं.

किती खोलात जायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वर्षभरात तीन जागा पुष्कळ झाल्या: पवना, बोरघाट आणि तुमसर. महिन्याला एक फेरी, एक नकाशा आणि एका माणसाशी गप्पा. बाकीचे जिल्हे सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण एका जागेचं 'का' कळलेलं मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की तेच तीन प्रश्न आपोआप विचारतं. खुलताबादहून संभाजीनगरला आलं की पाणचक्कीचं पाणी कुठून येतं विचारतं, पैठणला सातवाहनांची राजधानी आणि जायकवाडीचं धरण एकाच नदीकाठी का, असं विचारतं.

वही एकच ठेवा, इतिहास-भूगोलाच्या दोन नकोत. उजव्या पानावर तिने बघितलेलं आणि ऐकलेलं, डाव्या पानावर न सुटलेले प्रश्न. तुम्हाला उत्तर येत नसेल तर 'बघू या' म्हणा आणि खरोखर बघा. परीक्षा घ्यायचीच असेल तर प्रश्नपत्रिका काढू नका. तुमसरच्या चुलत भावंडांना बोरघाट समजावून सांगायला लावा, आणि पिंपरीच्या मैत्रिणींना मामा तलाव. कुठे अडखळते ते तुम्हाला तिथे नेमकं कळेल, आणि पुढच्या महिन्याची फेरी कुठे काढायची तेही. भाजे-लोहगडाला पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, गर्दीत मुलांना काहीही बघता येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी लवकर, आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या.